कमलाकररावांचा आयपॉड

साकेतने हात पुढे केला, तसा कमलाकररावांनी आयपॉड मुठीत दाबून धरला.

"बाबा, द्या ना. नवीन गाणी टाकून देतो."

"राहू दे. जुनीच बरी आहेत."

साकेत ऐकणाऱ्यातला नव्हता. लहान मुलाच्या हातून कात्री काढून घ्यावी तसा त्याने तो अलगद काढून घेतला, मधलं बटण दाबलं, चाकावर अंगठा फिरवला. पडदा काळाच राहिला.

"हा तर बंद आहे. कधीपासून?"

कमलाकररावांनी व्हरांड्यातून आत नजर टाकली. शीलाताई स्वयंपाकघरात होत्या.

"पोळ्यापासून," ते हळूच म्हणाले.

संक्रांत तर तोंडावर आली होती. इतके महिने वडील रोज दुपारी कानात वायर घालून, डोळे मिटून बसतात आणि आत आवाजच नसतो, हे साकेतच्या ध्यानात आलं. बाबा मनातल्या मनात गाणी आठवत बसत असतील, असं त्याला वाटलं. लोहाऱ्याला एमआयडीसीत त्याच्यासोबत काम करणारा कपिल असल्या जुन्या वस्तू दुरुस्त करून द्यायचा.

"उद्याच देतो त्याच्याकडे. बॅटरी बदलली की झालं."

"दे. पण आईला बोलू नको."

"सरप्राईज?"

"तेच ते," कमलाकरराव म्हणाले. इंजिनिअर मुलाला काहीही पटतं.

आयपॉड मूळचा केतकीचा. पुण्याला नोकरी लागल्यावर लेकीने नवा फोन घेतला आणि हा घरी टाकून गेली. पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले कमलाकरराव तेव्हा दिवसभर घरात इकडचं तिकडे करत होते. त्यांनी अख्खा उन्हाळा साकेतच्या मागे लागून आपल्या कॅसेटमधली गाणी एकेक करून त्यात भरून घेतली. पुढे फोनवर सगळंच मिळायला लागलं, पण फोनवर आलाप रंगात आला की नेमकी कर्ज हवंय का विचारणारी बाई बोलते. यात कोणी बोलत नसे. स्वतः निवडलेल्या गाण्यांखेरीज त्यात दुसरं काहीच नव्हतं, आणि ते गोल चाक अंगठ्याने फिरवण्यात जपमाळ ओढल्याचं सुख होतं. कंपनीने आयपॉड बनवणं कायमचं थांबवल्याची बातमी आली, त्या दिवशी त्यांचा चहा तसाच निवला होता.

मग पोळ्याला बॅटरी गेली. गाणं मधेच थांबलं, आणि कानातली वायर काढायचा कंटाळा म्हणून ते तसेच पडून राहिले. व्हरांड्याच्या पायरीवर शीलाताई शेजारच्या बसंतीबाईंशी बोलत होत्या.

"तोंडावर नाही म्हणत मी कधी. पण मले टायफॉईड झालता ना, तेव्हा यायनं माही वेणी घातली. वाकडी घालत, पण रोज घालत."

कमलाकररावांनी डोळे आणखी घट्ट मिटून घेतले. उभ्या संसारात बायकोने त्यांना 'चष्मा कपाळावर आहे' आणि 'पिशवी नेली का' याच्यापलीकडे काही म्हटलेलं त्यांना आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते जेवण झाल्या झाल्या वायर घालून बसले. तिसऱ्या दिवशी तर जेवण अर्धवट टाकून. मेलेला आयपॉड ते रोज सकाळी इमानदारीने चार्जिंगला लावत. स्तुतीची चटक लागलेला माणूस काय करील याचा नेम नाही.

आयपॉड लोहाऱ्याला गेला आणि त्यांचे दिवस सुने झाले. ते उघड्या कानांनी व्हरांड्यात बसत, तर शीलाताई म्हणत, "अहो, पाय घ्या, झाडायचं आहे." साकेतच्या तोंडून काही निसटलं तर काय, ही धास्ती वेगळी. आपण सगळं ऐकलंय हे कळलं तर ती लाजेने पुन्हा एक शब्द काढणार नाही, याची त्यांना खात्री होती. एवढ्या वयात मिळालेलं सुख असं हातचं जाणार, या विचाराने त्यांना जेवणही गोड लागेना.

रविवारी कपिलकडून आयपॉड आला. बसंतीबाईंनी शेतातल्या तुरीच्या शेंगा आणल्या होत्या आणि दोघी पायरीवर दाणे काढत होत्या. साकेतने वडिलांच्या कानात वायर घातली आणि बटण दाबलं.

तंबोरा लागला, आणि कमलाकरराव सगळं विसरले. पेटी, तबला, तो ओळखीचा आवाज, सगळं जिथल्या तिथे होतं. इतके महिने आपण याच्याशिवाय राहिलोच कसे! त्यांनी मान मागे टाकली, डोळे मिटले आणि अगदी मनापासून ऐकलं.

डोळे उघडले तर बसंतीबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. सून आभा हातातलं लाटणं घेऊन दारात आली होती. त्यांनी एका कानातली वायर काढली.

"काय झालं?"

"बाबा, किती दिवसांनी गायलात!"

"कोण, मी?"

"गाणं लागलं की तुम्ही मोठ्याने गाता. बेसूर. माहीत नाही तुम्हाला?" आभा हसत म्हणाली. "पोळ्यापासून बंदच झालं होतं. मी आईंना विचारलं, तर म्हणाल्या, त्यांचं मशीन बिघडलंय, तू काही बोलून नको राहू."

कमलाकररावांनी शीलाताईंकडे पाहिलं. त्यांना एकाएकी एका शेंगेत फार मोठी अळी सापडली होती, आणि त्या मान वर करायला तयार नव्हत्या. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

ते उठले, पायरीवर बायकोच्या शेजारी जाऊन बसले आणि दोन्ही वायरी तिच्या कानांत घातल्या.

"अहो, हे काय? बसंतीबाई पाहून राह्यल्या!"

त्यांनी आयपॉड तिच्या मांडीवर, तुरीच्या दाण्यांत ठेवला. ठेवताना बंद केला.

"बसंतीबाई," ते म्हणाले, "आता हिले काही आयकू येत नाही, म्हून सांगतो. उमरखेडले बदली झाली, तवा मी मोरीत जाऊन रडलो होतो. हिनं पाह्यलं. आन् आजवर कोणाले सांगतलं नाही, मलेबी नाही."

"अव माय," बसंतीबाई म्हणाल्या. "मंग?"

"मंग काय, आणखी लय हाये."

शीलाताईंनी डोळे मिटून घेतले आणि त्या मानेने ताल धरू लागल्या.