ड्रेसरचे हात

“बाबा, हेही इंजेक्शन फेल गेलं म्हणतेय ही. आता बंद करतील.”

परदेशातल्या, सँडीफोर्डच्या फ्लॅटमध्ये संकेत सोफ्यावर शर्ट वर करून पडला होता. घरी तपासायला येणारी नर्स ओर्ला कागदी पट्टी धरून जखम मोजत होती. मोठं आतडं काढलं, पोटावर शौचाची पिशवी आली आणि पिशवीच्या कडेलाच ही जांभळ्या काठाची जखम उठली. तिच्यामुळे पिशवी चिकटेना. गळायची, गळली की आग. गेल्या बुधवारी जखम दोन सेंटिमीटरवर आली होती. आज साडेतीन.

“वैताग आलाय मला! सगळं वेळेवर घेतो, तरी वाढतेच कशी?”

पद्माकर खिडकीशी उभे होते. हिंगणघाटच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं त्यांनी ड्रेसर म्हणून काढली. बैलाने फाडलेली मांडी, यंत्रात गेलेली बोटं, शुगरवाल्यांचे पाय. घाण काढायची, मेलेलं कापायचं, लाल मांस दिसेस्तोवर पुसायचं. हात असा हलका, की रडतं पोर पट्टी बांधता बांधता झोपी जावं. डॉक्टर आले, डॉक्टर गेले, लोक दारातून विचारत, “पद्माकरभाऊ हायेत का?”

“तिले सांग, इंजेक्शन बंद नको करू,” ते म्हणाले. “मी हात लावला.”

“काय?”

“रविवारी. तू गोळ्यांच्या गुंगीत होता. काठ मेलेला दिसला मले. चिमटा उकळून घेतला, साफ केला. तुले जाग बी नाही आली.”

संकेत ताडकन उठून बसला. “शंभरदा सांगितलं होतं, बाबा! ही सडलेली जखम नाही. माझंच शरीर माझ्यावर उलटलंय. खरवडलं की वाढते ती. हात न लावणं, हाच इलाज आहे तिचा!”

“डोळ्यांसमोर जखम अन् मी हात बांधून बसू? एकतीस वर्षं बाप्पा—”

“तुमची एकतीस वर्षं ठेवा तिकडेच!”

खाली लुआस ट्रामची घंटा वाजली आणि विरून गेली. संकेत भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडवा झाला. तसाच, भिंतीशीच बोलल्यासारखा, त्याने ओर्लाला सगळं इंग्रजीत सांगितलं.

ओर्ला रागावली नाही. तिने लिहिलेली ओळ खोडली. “म्हणजे औषध हरलं नव्हतं,” ती म्हणाली. “मी डॉक्टरांना कळवते.” मग पिशवीची नवी चकती काढून तिने पद्माकरांच्या ओंजळीत ठेवली आणि आपले तळवे एकावर एक दाबून दाखवले. चकती गरम झाली की नीट चिकटते.

पद्माकर स्टुलावर बसले. कापणारे, पुसणारे, हजारो पट्ट्या बांधणारे ते हात चकतीवर मिटून स्थिर राहिले. बोटं सवयीने मधूनच हलू पाहत. ते ती आणखी घट्ट धरत.

“झाली का?” भिंतीकडूनच संकेतने विचारलं.

“होऊ दे अजून जराशी.”

चकती मऊ झाली. पद्माकर उठले, दोन पावलं पोराकडे गेले आणि थांबले. मग त्यांनी ती ओर्लाच्या हातात दिली आणि आपले हात पाठीमागे घेतले.