सात नंबरचे पिवळे दिवे

प्रवासी गाड्या चालवणाऱ्या कंपनीच्या पत्राला मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र तसं साधंच होतं. सात नंबरच्या गाडीचा ब्रेकचा सेन्सर पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. चालक गाडी खड्ड्यांतून आदळत नेतो म्हणून हे होतं, असं मास्तरांनी आपल्या गॅरेजच्या कागदावर लिहून, सही करून पाठवावं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. गाड्यांच्या वायरिंगचं काम करता करता त्यांना गाड्यांची जाडजूड पुस्तकं वाचायचं वेड लागलं, म्हणून बाजारानं ठेवलेलं हे नाव. अडचण अशी, की सात नंबरचा चालक त्यांचा सख्खा साडू होता. ‘चूक त्याची नाही’ असं लिहावं तर लोक म्हणणार, साडूला पाठीशी घातलं. ‘आहे’ लिहावं तर त्याची नोकरी जाणार. आणि खरं काय ते मास्तरांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. अशा वेळी मास्तर नेहमी जे करत तेच त्यांनी केलं, म्हणजे काहीच केलं नाही.

साडू मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. एका सकाळी त्यानं गाडी थेट गॅरेजच्या दारात आणून लावली.

“घ्या! परवाच कंपनीच्या वर्कशॉपनं नवा सेन्सर घातलाय. आणि बघा, दोघं कसे डोळे वटारून बसलेत.”

स्टिअरिंगमागे दोन पिवळे दिवे पेटलेले होते. एक एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ नयेत म्हणून असलेल्या यंत्रणेचा. दुसरा, चाक घसरून जागच्या जागी गरगरू नये म्हणून असलेल्या यंत्रणेचा. दिवे पेटले याचा अर्थ दोन्ही यंत्रणा झोपल्या. आणि ही गाडी रोज आजारी माणसांची दवाखान्यात ने-आण करायची.

“सोमवारी माझ्याकडून किल्ली काढून घेणार आहेत,” साडू म्हणाला. “तुम्ही उत्तर का देत नाही?”

“खात्री नाही अजून.”

“खात्री! ताई, तुमच्याशी लग्न करतानाही यांनी आधी पुस्तक उघडलं होतं का हो?”

“उघडलं होतं की,” मास्तरांची बायको बिलं करता करता म्हणाली. “त्यात काही सापडलं नाही, म्हणून तर लग्न झालं, भाऊजी.”

मास्तर ओशाळून हसले आणि गाडीखाली शिरले.

तपासणीच्या यंत्रावर आलं, मागच्या उजव्या चाकाचा वेग कळत नाही. एवढं वाचून कुणीही सेन्सरच बदलेल, आणि तसाच तो बदलला जात होता. मास्तरांनी नवा सेन्सर काढून डाव्या चाकाला लावून बघितला. तिथे तो मुकाट्यानं काम करू लागला. डावीकडचा उजवीकडे लावला, तर तो आंधळा. म्हणजे सेन्सर चांगला होता. मग त्यांनी वायर बोटाबोटानं हलवून, ताणून, मोजून पाहिली. तीही धड.

“खड्ड्यानं सेन्सर फुटतो, नाहीतर वायर तुटते,” ते स्वतःशीच पुटपुटले. “इथं दोन्ही शाबूत आहेत. भाऊ, दिवे लागायला लागले कधीपासून?”

“चाकाचं बेअरिंग बदललं तेव्हापासून. घूं घूं आवाज करायचं. आमच्याच वर्कशॉपमध्ये बदललं.”

“हे त्यांना सांगितलं नाहीत?”

“आरोपीला कोण विचारतो?”

मास्तरांनी चाक उतरवलं. बेअरिंगच्या बाहेरच्या अंगावर खडूनं खूण केली आणि मग ते दाबयंत्रानं बाहेर काढलं. अशा बेअरिंगच्या एकाच अंगाला चुंबकाची चकती असते. सेन्सर तिच्याकडे बघूनच वेग मोजतो. पण दोन्ही अंगं दिसायला सारखीच, काळी रबरी. मास्तरांनी ग्राइंडरखालचा लोखंडाचा चुरा चिमटीत घेतला आणि आतल्या, सेन्सरकडच्या अंगावर टाकला. चुरा घसरून खाली पडला. खडूची खूण केलेल्या बाहेरच्या अंगावर टाकला, तर कंगव्याच्या दातांसारख्या बारीक बारीक रेघा उभ्या राहिल्या.

“उलटं बसवलंय,” मास्तर म्हणाले. “सेन्सर बिचारा भिंतीकडे बघत बसलाय.”

साडूनं वाकून त्या रेघा बघितल्या. “चोर सोडून संन्याशाला फाशी,” तो म्हणाला. त्याचा आवाज प्रथमच बारीक झाला होता.

नवं बेअरिंग आणलं. चुंबकाचं अंग आत करून बसवलं. साडू गाडी घेऊन गेला, तर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आतच दोन्ही दिवे मालवले. तिथूनच त्यानं असा हॉर्न वाजवला की शेजारचा शिंपी सुई हातात घेऊन बाहेर आला.

दुपारी कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला.

“झाली ना गाडी? वा! आता ते पत्र तेवढं पाठवून द्या, मास्तर.”

“बेअरिंग उलटं होतं. तुमच्या वर्कशॉपनं बसवलेलं.”

मॅनेजरनं आवाज खाली आणला.

“ते बेअरिंगचं नका लिहू. वर्कशॉपचा फोरमन मालकांचा मेहुणा आहे. तुमचा साडू, त्यांचा मेहुणा. तुम्ही जाणते आहात. आमच्या सगळ्या गाड्या वायरिंगला तुमच्याकडेच येतात, हेही ध्यानात असू द्या.”

जन्मात मास्तरांनी कुणाला फोनवर उलट उत्तर दिलं नव्हतं.

“मग न्या,” ते म्हणाले.

“काय?”

“गाड्या न्या दुसरीकडे. पण तिथंही बेअरिंगं आधी बघायला सांगा. तुमच्या फोरमननं आणखी किती गाड्यांना हात लावलाय, देव जाणे. माणसं बसतात त्यांत, साहेब.”

मास्तरांनी फोन ठेवला. बायको त्यांच्याकडेच बघत होती.

“अर्धं गॅरेज त्यांच्यावर चालतं आपलं.”

“माहीत आहे मला.”

“मग बसा लिहायला. आणि ‘बहुधा’, ‘असं वाटतं’ असलं काही घालू नका त्यात.”

पहिल्या कागदावर ‘बहुधा’ दोनदा आलंच. तिनं तो फाडला. दुसरा कागद असा झाला:

‘सात नंबरचा चालक माझा साडू आहे, हे आधीच सांगतो. सेन्सरला काहीही झालेलं नव्हतं. बेअरिंग तुमच्या वर्कशॉपमध्ये उलटं बसवलं गेलं. त्यात चालकाची काडीचीही चूक नाही. काढलेलं बेअरिंग माझ्याकडे आहे. ज्याला शंका असेल त्यानं यावं, लोखंडाचा चुरा हवा तर स्वतःचा आणावा. मागितलेली सही मी देणार नाही. ही सही माझी आहे.’

खाली त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, नेहमीच्या मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरात नाही, चांगलं ठसठशीत.

पोस्टात खिडकीपाशी रांग होती. पाकीट तोलून कारकून म्हणाला, “साधं पाठवू?”

“रजिस्टर करा,” मास्तर म्हणाले. “आणि हे दुसरंही. तेच पत्र, मालकांच्या घरच्या पत्त्यावर.”

कारकुनानं दोन्ही पाकिटांवर शिक्के मारले आणि ती मागच्या थैलीत टाकली.