डाव्या बाजूची भिंत

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. राजाराम परबाला सभांचं वेडच लागलं होतं. गिरणीतून सुटला, चहा घेतला की निघाला. परळचं कामगार मैदान असो की शिवाजी पार्क, संयुक्त महाराष्ट्राची सभा त्याने चुकवली नाही. लालबागच्या त्याच्या चाळीत त्याला लोक मानाने 'कार्यकर्ते' म्हणू लागले.

खरं कारण एकट्या राजारामला ठाऊक होतं. साचेखात्यात पंधरा वर्षं मागांची धडधड सोसून त्याचा डावा कान गेला होता, उजवाही चालला होता. त्याच्या बापाला गावात 'ढब्बो बहिरो' म्हणत. तो शिक्का आपल्यावर नको म्हणून त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. घरात बसलं की बकुळा बोलणार, शेजारी काहीबाही विचारणार. सभेत कोणी काही विचारत नाही. चार लोकांनी टाळी वाजवली की आपणही वाजवायची.

एका संध्याकाळी तो शर्ट चढवत असताना बकुळा मोरीतून म्हणाली, "गावचो माणूस इल्लो. आयेक बरां नाय."

राजारामला ऐकू आलं ते इतकंच, "आयेक बरां". सासू बरेच दिवस आजारी होती. तो खुशीत म्हणाला, "बरां झालां! सुटलों एकदाचे!"

बकुळा हातातलं भांडं तसंच टाकून बाहेर आली. तिचे ओठ थरथरताना त्याला दिसले, पण ती काय बोलतेय ते कळेना. विचारायला हवं होतं. त्याऐवजी तो "सभा आसा" म्हणून जिना उतरला.

मैदान भरलं होतं. शेजारी त्याच्याच खात्यातला जगदीश होता. मध्येच सगळे उठून उभे राहिले. घोषणा सुरू झाली असावी असं वाटून राजारामने मूठ उंचावली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "संयुक्त महाराष्ट्र..."

हुतात्म्यांसाठी सगळे स्तब्ध उभे होते. पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. मग मागून एकाने आणि पाठोपाठ साऱ्या मैदानाने साथ दिली, "झालाच पाहिजे!"

जगदीशने त्याला मिठी मारली आणि उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "शांत उभं राहायचं होतं रे! पण तुला राहवलं नाही. जिंकलंस दोस्ता!"

लोक पाठीवर थापा देत होते. गप्प राहिला असता तर सगळं निभावलं असतं. पण राजारामला बकुळाचे थरथरते ओठ आठवले. म्हातारी बरी झाली असती तर ती रडवेली का झाली असती? सभा तशीच सोडून तो घरी निघाला.

बकुळा ट्रंक भरत होती. शेजारच्या कमळाबाई तिची समजूत काढत होत्या. राजारामला बघताच त्या उठल्या.

"कमळाबाय, बसा," राजाराम म्हणाला. "तुमी आयकलात की माका चाळीत घरोघर जावक नको." मग तो बकुळाकडे वळला. "माका डाव्या कानान आयकाक येणा नाय. उजव्यान अर्धामुर्धा. आयेचां काय झालां, ता परत सांग. मोठ्यान सांग."

बकुळाने ट्रंकेचं झाकण खाली टाकलं. "म्हणजे वर्षभर मी भिंतीशी बोलतंय?"

"डाव्या बाजूक असलंस तर."

ती हसायला लागली आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. "माका वाटला, तुमका माझो कंटाळो इलो. अवो, मी तुमका शाप दिलंय!"

"आयकाक नाय इलो," राजाराम म्हणाला, तशा कमळाबाई हसत भिंतीला टेकल्या.

दुसऱ्या दिवशी बकुळाने त्याला हाताला धरून इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी उजव्या कानातून मळाचा हा एवढा बोळा काढला. तो कान पुष्कळसा उघडला. डावा मात्र गेला तो गेलाच. मग दोघं बोटीने गावाला गेली. म्हातारी अंथरुणातून उठून बसली होती. जावयाशी काय बोलू नि काय नको, असं तिला झालं.

परत आल्यावर साचेखात्यात राजारामने आपणहून सांगून टाकलं, "डाव्या बाजूने हाक मारू नका, खांद्याला हात लावा." कोणी हसलं नाही. दुपारच्या सुट्टीत मात्र खात्याचा मुकादम गंगाधर जॉबर हळूच त्याला बाजूला घेऊन गेला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "तो कानाचा डॉक्टर कुठल्या वारी बसतो रे?"

राजारामने मोठ्याने सांगितलं. आजूबाजूचे आणखी दोघे जवळ सरकले.