दुसरी चावी

“ही चावी ज्याने कापली त्याला आधी गाढवं राखायला पाठवलं पाहिजे,” मब्रूक म्हणाला आणि चष्मा कपाळावर चढवून त्याने ती चावी उजेडात धरली.

माझे दोन्ही हात कोपरापर्यंत टबातल्या पाण्यात होते. ट्यूबचं पंक्चर काही सापडत नव्हतं, पण मेहुण्याचा आवाज ऐकून बरं वाटलं. मब्रूक म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, मुंजियाचा नवरा. समुद्रकाठच्या आमच्या जर्जीस गावच्या बाजारात त्याची चाव्यांची टपरी आणि माझं पंक्चरचं दुकान यांच्यात फक्त एक पत्रा आहे. या माणसाने कुणाचं कौतुक केलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. पण दुसऱ्या कुणी वाईट कापलेली चावी हाती लागली, की स्वारीचा अख्खा दिवस आनंदात जातो.

चावी घेऊन आलेला माणूस बेन गर्दान गावचा होता, जाड मिश्यांचा, मासळी न्यायला आलेला. त्याने नुकतीच जुनी मोटारसायकल विकत घेतली होती. सोबत दोन चाव्या मिळाल्या, पण दुसरी कुलपात जायची आणि फिरायचं नाव घ्यायची नाही. गाडी मासळीबाजाराच्या सावलीत लावून तो चालत आमच्याकडे आला होता.

आमच्याकडे दोन्ही चाव्या हातात पडल्याशिवाय कोणी जुनी गाडी घेत नाही. एक चावी विकणाऱ्याकडे राहिली तर तो कधीही येऊन गाडी पळवेल, अशी धास्ती. त्यामुळे गाडी विकायची तर आधी हरवलेली दुसरी चावी करून घ्यावी लागते. आणि आमच्या गावातलं पोरगं आपली गाडी विकतं ते एकाच कारणासाठी. इटलीकडे चोरून जाणाऱ्या होडीत जागा मिळवायची, तर त्याच्यापाशी विकण्यासारखी तेवढी एकच वस्तू असते.

हे गणित मब्रूकने फार पूर्वी ओळखलं होतं. पोरगं यायचं, इकडेतिकडे बघत म्हणायचं, “अम्म मब्रूक, एक चावी हरवली, तेवढी करून द्या.” अम्म म्हणजे काका, सगळं गाव त्याला तेच म्हणतं. मब्रूक एका शब्दाने विचारायचा नाही. नीट कापून द्यायचा, वर “सांभाळून चालव रे” म्हणायचा. मग संध्याकाळी टपरी बंद केली की सायकल काढून थेट त्या पोराच्या घरी. दारातूनच आईला सांगायचा, “तुझ्या पोराला एक चावी पुरेनाशी झालीय.” तेवढंच. चहालासुद्धा थांबायचा नाही. पुढचं त्या आया बघून घ्यायच्या. एकीने छातीत कळ आल्याचं सोंग केलं, एकीने पोराला खोलीत कोंडलं, हबीबाने तर शुकरीचा आठवड्याच्या आत साखरपुडाच उरकला. आयांना वास कुठून लागतो, हे पोरांना कधी कळलं नाही. मी त्याला आयांचा हेर म्हणायचो, आणि त्याला ते मनातून आवडायचं.

एकदाच चुकलं. मब्रूक तापाने अंथरुणाला खिळला होता, टपरी बंद होती, तेव्हा खाल्ती जहराच्या, म्हणजे जहरामावशीच्या नादिरने परगावी जाऊन चावी करून घेतली. नादिर पुढे किनाऱ्याला लागला तो ओळखू येण्यासारखा नव्हता. आईने त्याला मोज्यांवरून ओळखलं, मोजे तिनेच विणलेले होते. तेव्हापासून मब्रूकने ताप असो नाहीतर वाळवंटातला तापलेला शहिली वारा सुटलेला असो, टपरी एक दिवस बंद ठेवली नाही.

तर तो त्या मिशाळ माणसाला म्हणाला, की ही फेकून द्या, मी मूळ चावीवरून नवी करून देतो. माणसाने मूळ चावी खिशातून काढून दिली. मब्रूकने ती मशीनच्या पकडीत बसवली, शेजारी कोरी चावी लावली आणि बटण दाबलं. आणि मशीन नुसतंच फिरत राहिलं. चावीला पातं लागलं की त्याचा आवाज बदलतो, किरकिरतो. तो आवाज येईना म्हणून मी मान वर केली.

मब्रूक वाकून पकडीतल्या चावीकडे बघत होता. त्याचा हात हवेतच होता.

मी ओले हात तसेच पँटला पुसत उठलो. “काय झालं?” त्याने बोट दाखवलं. चावीच्या डोक्याच्या कडा घासून अगदी गोल केलेल्या होत्या. असं कोणी करत नाही. असं मी एकदाच पाहिलं होतं, मब्रूकच्याच अंगणात. आमच्या वज्दीचे खिसे चावीने सारखे फाटायचे आणि मुंजिया शिवून शिवून वैतागली होती, तेव्हा बापाने पोराची चावी घेऊन कानशीने तिच्या कडा गोल केल्या होत्या. मी तेव्हा त्याला म्हणालोसुद्धा होतो, की बाबा रे, चावीची नखं कसली कापतोयस.

वज्दी त्यांचा एकुलता एक मुलगा. तो स्फाक्सला एका वर्कशॉपमध्ये कामाला गेलाय, गाडी घेऊनच गेलाय, असं आम्हाला मुंजियाने सांगितलं होतं. मी तर भाच्याला जाताना एक नवी ट्यूबही बांधून दिली होती.

मब्रूकने मशीन बंद केलं. गाडी कुठे घेतली, असं त्याने विचारलं, आणि आवाज असा, की जणू हवापाण्याच्या गप्पा चालल्यात. माणसाला वाटलं, चोरीच्या गाडीचा संशय घेतायत. तो घाईघाईने सांगायला लागला, की मदनीनला घेतली, कागद पक्के आहेत, नगरपालिकेत बसून सही झालीय. “मालकीणबाई स्वतः आल्या होत्या, मुलाला घेऊन. गुडघ्याने अधू, बिचाऱ्या पाय ओढत आल्या. फार भल्या बाई. मला दोनदा बजावलं, मागचा ब्रेक आधी दाबायचा, पुढचा झटका देतो म्हणून.”

गाडी मुंजियाच्याच नावावर होती, तिच्याच बांगड्या मोडून घेतलेली. पण ती माझी बहीण, जिला दवाखान्यात जायचं तर मला निरोप पाठवावा लागतो, ती आम्हा दोघांना न सांगता मदनीनला जाऊन आली होती. स्वतःच्या हाताने पोराची गाडी विकून आली होती. मी मब्रूककडे बघायचं टाळलं, कारण मला त्याचं तोंड बघवलं नसतं.

आणि या माणसाने काय करावं? त्याने मशीन पुन्हा सुरू केलं. चावी कापली. कानशीने साफ केली, बोटाने चाचपून पाहिली, पुन्हा एकदा घासली. माझ्या डोळ्यांसमोर त्याने आपल्या पोराच्या गाडीची दुसरी चावी करून त्या परक्याच्या हातात ठेवली आणि सांगितलं, की आता अडकायची नाही. वाईट कापलेली मात्र परत दिली नाही.

माणूस निघताना म्हणाला, “तुम्ही ओळखता वाटतं त्या बाईंना?”

“तोंडओळख आहे,” मब्रूक म्हणाला.

भरदुपारी टपरी बंद करून तो घराकडे चालायला लागला. सायकल विसरला होता. मी ती हाताने ढकलत त्याच्या मागून चाललो. वाटेत काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, की कदाचित काही अडचण असेल, वज्दी स्फाक्सलाच असेल. तो म्हणाला, “शाकिर, गप बस.” मी गप बसलो.

मुंजिया अंगणात लाल मिरच्या दोऱ्यात ओवत बसली होती. या वेळी आम्हा दोघांना दारात पाहिलं आणि तिने सुई खाली ठेवली. मब्रूकने खिशातून ती वाईट चावी काढून मिरच्यांच्या परातीत टाकली.

“ही कोणी कापली?”

“मदनीनला एक आहे, बसस्टँडजवळ.”

“हात वाईट आहे त्याचा.”

“माहीत आहे,” मुंजिया म्हणाली. “तरी त्याच्याकडेच गेले. तुझ्याकडे आणली असती तर संध्याकाळी तू सायकलवरून येऊन मला दारातून सांगितलं असतंस. मग मला त्याला अडवावं लागलं असतं.”

मब्रूक उंबऱ्यावर बसला. पोर कुठे आहे, असं त्याने विचारलं. काल पहाटे होडी सुटली, एवढंच तिला ठाऊक होतं. त्यानंतर फोन लागत नव्हता.

मग मात्र माझं टाळकं सटकलं. मी बहिणीवर ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदाच. म्हणालो, नादिरचं काय झालं ते बघितलंस ना, जहराबरोबर त्याला ओळखायला तूच गेली होतीस ना, मग तुझी मती फिरली का? तिने मला पुरतं बोलू दिलं. तिचे डोळे कोरडे होते, मिरच्यांचे हात तिने मांडीवर उपडे ठेवले होते.

“हो, मीच गेले होते,” ती म्हणाली आणि मग नवऱ्याकडे वळली. “पण तू वाचवलेली पोरंही मी रोज बघते. त्यातला एक तरी आईशी धड बोलतो का? शुकरी दिवसभर हॉटेलात भिंतीकडे तोंड करून बसतो. हबीबा ताट वाढते आणि तो ते तसंच ठेवून उठतो. वज्दीला मी दोनदा अडवलं, तुला न सांगता. तिसऱ्यांदा तो न सांगताच गेला असता, मिळेल त्या फुटक्या होडीत. म्हणून मी चांगली होडी बघितली. जाताना माझ्या पोराने माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं, मब्रूक. ते जहराला मिळालं नाही.”

 

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. एकेक करून त्या सगळ्या आया आल्या, ज्यांच्या दारात मब्रूक सायकल घेऊन उभा राहिला होता त्या. कोणी कुसकूस आणला, कोणी रोटी. मुंजियाला कोणी दोष दिला नाही, तिच्याशेजारी बसून तिच्या उरलेल्या मिरच्या ओवत राहिल्या. जहरा सगळ्यांत आधी यायची आणि सगळ्यांत शेवटी जायची. नादिरनंतर पहिल्यांदाच टपरी बंद ठेवून मब्रूक किनाऱ्यावर जाऊन बसायचा. मी विचारलं, इथे बसून काय होणार, तर म्हणाला, काही लागलं किनाऱ्याला तर आधी आपल्याला दिसलेलं बरं. 

जुम्म्याच्या नमाजानंतर फोन वाजला. मुंजियाने उचलला. आतला आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. “उम्मी, पोचलो. आम्ही सगळे पोचलो. बाबा रागावलेत का?” तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला.  आणि आमचा हा शहाणा माणूस एवढंच विचारू शकला, “तुझे मोजे कोरडे आहेत का रे?”

बायकांनी आनंदाचा सूर लावला, तो मशिदीपर्यंत ऐकू गेला असेल. बदाम घातलेला चहा झाला. जहराही त्यांच्या सुरात सूर मिळवत होती, मग आत जाऊन तोंड धुऊन आली. मब्रूक रडला, आणि मला न लपवता रडला. आता सगळं सुरळीत होईल असं मला वाटलं. मला नेहमी असंच काहीतरी वाटतं.

पुढच्या आठवड्यात हबीबा टपरीवर आली. मला वाटलं घराची चावी असेल. तिने शालीच्या टोकाची गाठ सोडली आणि मोटारसायकलची चावी फळीवर ठेवली, शुकरीच्या गाडीची. “अम्म मब्रूक, दुसरी करून द्या.”

माझ्या हातातला टायर तसाच राहिला. पोरं चावी आणतात, हे आम्ही जन्मभर पाहिलं. आई आणते, हे कधी पाहिलं नव्हतं.

मब्रूकने चावीला हातही लावला नाही. “हबीबा, तू स्वतः याला अडवलंस.”

“अडवलं,” ती म्हणाली. “तुमचा पोचला ना? मग माझ्या पोराने का पोचू नये? मुंजिया आईच आहे ना, मग मी कोण?”

“माझा पोचला, ते नशीब होतं.”

“माझंही असेल.”

 “मशीन बिघडलंय,” मब्रूक म्हणाला. तिने बटणाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, चावी उचलून पुन्हा शालीत बांधली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आणखी एक आई आली. तिलाही तेच उत्तर. मग एक दुकानदार कुलपाची चावी घेऊन आला, त्यालाही मशीन बिघडलंय. आता हे मात्र मला पटेना. मोटारीतलं मला थोडंफार कळतं, म्हणून तो नमाजाला गेल्यावर मी मशीनचं झाकण उघडून बघितलं. मोटार ठणठणीत होती, पण पात्याला फिरवणारा पट्टाच नव्हता.

तो आला तेव्हा मी नुसतं झाकणाकडे बोट दाखवलं. त्याने कोटाचा खिसा चाचपला. पट्टा खिशात होता.

“अरे, तुझं पोट याच्यावर चालतं,” मी म्हणालो. “आणि त्या काय थांबणार आहेत? मदनीनला जातील.”

“जाऊ देत,” मब्रूक म्हणाला. “तिथला हात वाईट आहे. चावी फिरणार नाही. घेणारा गाडी परत करेल, पुन्हा हेलपाटा पडेल. तेवढ्यात एखादीचं मन बदललं तर बदललं. आणि एकाचीही चावी कापली, तर त्या आयांना नाही कुठल्या तोंडाने म्हणू?”

तेवढ्यात एक म्हातारा आपल्या घराची चावी घेऊन आला. मब्रूकने त्याला बसायला स्टूल दिलं, त्याची तब्येत विचारली आणि मशीन बिघडल्याचं सांगितलं.