पूर्ण वेळ हजर

"मेइंकेबाई, एक विचारू? हसायचं नाही."

"विचारा ना."

"ते नववं कलम. मी ते ऐकलंय का हो?"

हार्म क्वास्ट वीस मिनिटं लवकर आला होता. आमच्या योर्क गावात नोटरीच्या कचेरीत लवकर येणारे दोनच. लग्नाआधी करार करायला आलेले मुलीचे बाप, आणि हरलेली माणसं. हार्मनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण वरचं बटण भलत्याच काजात गेलं होतं. उजवा हात अजून नीट वळत नव्हता. गेल्या वर्षी मार्चमध्ये शिडीच्या पायऱ्या तासता तासता तो कारखान्यात मटकन खाली बसला. मेंदूत गुठळी. कामावर परतायला तेरा महिने लागले, आणि परतला तेव्हा त्याच्या नावानं पत्र आलेलं होतं.

हार्म आणि डेटलेफ झोमफ्लेट यांची कंपनी सफरचंदं उतरवायच्या लाकडी शिड्या करते. निम्मी याची, निम्मी त्याची. दोघं एका वर्गातले. हार्मला लाकूड कळायचं, डेटलेफला गिऱ्हाईक. १९९९ साली दोघांनी आमच्याकडे भागीदारांचा करार केला. त्यातलं नववं कलम असं: जो भागीदार आजारपणामुळे सलग बारा महिने काम करू शकणार नाही, त्यानं आपला हिस्सा दुसऱ्याला हिशेबाच्या वहीतल्या किमतीला द्यायचा. वहीत यंत्रं झिजलेली असतात आणि जमीन आजोबांच्या भावात असते. डेटलेफनं पत्रातून तेच कलम लावलं होतं, आणि हार्मच्या वाट्याला एक्केचाळीस हजार युरो येत होते. एल्ब नदीच्या बांधालगतची त्यांची नुसती जमीन त्याच्या दसपट.

हार्मचं पैशांवरून काही म्हणणं नव्हतं. त्याला रोज सकाळी सहाला जाऊन कारखान्याचं दार उघडायचं होतं, बस.

"वकील काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, नोटरीचा दस्त आहे. शेवटच्या पानावर लिहिलंय, दोघं पूर्ण वेळ हजर होते, वाचून दाखवलं, मान्य केलं, सह्या केल्या. आता बोलायला जागा नाही. म्हणजे मी ऐकलंय. पण बाई, आठवं कलम मला आठवतं. ट्रक कुणी वापरायचा ते. दहावं आठवतं. नववं नाहीच. त्या गुठळीनं नेमकं तेवढंच खाल्लं असेल?"

कंपनीच्या हिश्श्याचा करार असला की नोटरीनं तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचायचा, आणि सगळ्यांनी बसून ऐकायचा, असा आमचा कायदा. लोक तो देवळातल्या प्रार्थनेसारखा ऐकतात. मान हलवतात, पोटात काय घालायचं याचा विचार करतात.

१९९९ च्या त्या दिवशी तेव्हाचे नोटरी, थोरले लूर्ससाहेब, वाचत होते आणि मी, त्यांची टायपिस्ट, शेजारी बसले होते. आठवं कलम संपत आलं आणि खालून कुणीतरी ओरडलं, शिड्यांचा ट्रक कुणाचा, फळांची गाडी अडलीय! हार्म उठला. "तुम्ही वाचत राहा, साहेब. डेटलेफ ऐकतोय म्हणजे मीच ऐकतोय."

निम्मे-निम्मे भागीदार असलेले मित्रच असं बोलू शकतात.

साहेबांनी थांबायला हवं होतं. पण बाराला त्यांना जेवायला लागायचं आणि पावणेबारा झाले होते. नववं कलम त्यांनी खणखणीत आवाजात रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवलं. डेटलेफ छताकडे बघत होता. हार्म आला तेव्हा दहावं चालू होतं. "काही राहिलं का?" त्यानं विचारलं. "काही नाही," डेटलेफ म्हणाला. 'पूर्ण वेळ हजर' हे शब्द मी आदल्या दिवशीच टाईप करून ठेवले होते.

एक भागीदार खोलीबाहेर असताना वाचन पुढे गेलं, तर तो करार रद्दी. पण कायद्याची गंमत अशी, की आज नवा दस्त नीट वाचून हार्मनं हिस्सा डेटलेफच्या नावे केला, की जुन्या करारातलं भोक आपोआप बुजतं. म्हणजे बोलायचं तर आत्ताच. अकरा मिनिटं उरली होती.

त्या अकरा मिनिटांत मी बरंच तोलून पाहिलं. थोरले साहेब वारले, फोटोत बसलेत. त्यांचा मुलगा आता नोटरी. मला साक्षीला बोलावलं असतं आणि पहिलाच प्रश्न आला असता, बाई, चोवीस वर्षं का गप्प होतात? मग त्या काळातले सगळे दस्त लोकांनी उकरले असते, आणि ते सगळे मीच टाईप केलेले. पेन्शनला दोन वर्षं.

"इतक्या वर्षांनी कुणाला काय आठवतं, क्वास्टसाहेब," मी म्हणाले. "मलासुद्धा आठवत नाही."

"तुम्ही तिथे होतात ना पण?"

"होते. तुम्हीही होतात."

डॉक्टरनं रिपोर्ट वाचून दाखवल्यावर माणूस हलवतो तशी त्यानं मान हलवली. "मग डोकंच गेलं. मुलीला सांगत होतो, हात गेलाय, डोकं शाबूत आहे."

डेटलेफ आला. खांद्यावर थाप, मोठा आवाज.

"काय रे हार्म! आता मासे धरायला ये. वेळच वेळ तुला."

"गळ टाकायला उजवा हात लागतो."

"मी टाकीन तुझ्यासाठी."

"तू टाकशीलच."

आत धाकटे लूर्ससाहेब वाचू लागले. हार्म पुढे झुकून ऐकत होता, ओठ हलत होते. दर दोन वाक्यांनी म्हणायचा, "थांबा. परत वाचा."

"अरे, परीक्षा आहे का?" डेटलेफ म्हणाला.

"तू नको ऐकूस. मला ऐकू दे."

तिसऱ्या कलमाला डेटलेफ पाणी आणायला उठला, तसे साहेब थांबले. "पाणी घेऊन बसा, मग वाचतो. सगळे खोलीत असल्याशिवाय एक शब्द पुढे नाही."

हार्मनं मान वर केली. "असा नियम आहे?"

"पहिल्यापासून."

"तुमचे वडीलही थांबायचे?"

"बाबा? ते तर माझ्यापेक्षा कडक होते."

हार्म माझ्याकडे वळला. "मेइंकेबाई, मला असं का वाटतंय, की मी त्या दिवशी खाली गेलो होतो? ट्रक..."

डेटलेफ ग्लास हातात धरून दाराशीच थबकला. मी कागदांच्या कडा जुळवायला घेतल्या. जुळलेल्याच होत्या.

"तसं काही लक्षात नाही," मी म्हणाले.

मग हार्म साहेबांना म्हणाला, "वाचा तुम्ही. मला हल्ली काहीबाही वाटतं."

सही करायला त्याला फार वेळ लागला. उजवा हात डाव्यानं धरून त्यानं प्रत्येक अक्षर वेगळं काढलं. डेटलेफनं एका फटक्यात सही केली, गिऱ्हाईक वाट बघतंय म्हणाला आणि गेला.

हार्म मात्र माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मी पानांना भोकं पाडून सुतळी ओवत होते.

"म्हणून दाखवू?" तो म्हणाला आणि थांबलाच नाही. पहिलं कलम, कुणी कुणाला हिस्सा दिला. दुसरं, किंमत. तिसरं, कोणत्या तारखेपासून. चौथं, पाचवं. डोळे मिटून, बोटं मोजत, शाळेतल्यासारखं. कारखान्याच्या किल्ल्या कधी द्यायच्या ते सहाव्या कलमात होतं, तेही त्यानं सोडलं नाही.

"बरोबर?"

"एक शब्द चुकला नाही."

त्याचा चेहरा उजळला. "बघा! नीट लक्ष दिलं की राहतं अजून." त्यानं टोपी घातली. "तेव्हा दिलं नसेल मी लक्ष."

मी सुतळीची टोकं शिक्क्याच्या यंत्राखाली सरकवली आणि दांडा दाबला.