डांबर नको म्हणणारा रस्ता

मित्रांनो, मी एक जुना खडीचा हमरस्ता आहे आणि मला डांबर नको आहे. हे आधीच सांगून टाकतो.

ब्राझीलमधल्या पांतानालच्या पाणथळीत मातीचा भराव घालून, वर खडी पसरून माणसांनी मला उंच केलं. पूर आला की चहूकडे पाणी आणि मधे कोरडा मी एकटाच. मग मगरी, हरणं, मुंगीखाऊ सगळे माझ्याच पाठीवर येतात. "हाडं खिळखिळी झाली," म्हणून माणसांच्या शिव्या मी जन्मभर खाल्ल्या. खुशाल द्या! माझ्या खड्ड्यांमुळे गाड्या हळू चालतात, म्हणून तर ही जनावरं जगतात.

गेल्या वर्षी माझा उत्तरेकडचा तुकडा डांबरी झाला. थोड्याच दिवसांत भरधाव गाडीने एक मुंगीखाऊ मादी चिरडली. तिच्या पाठीला घट्ट धरून बसलेलं पिल्लू एवारिस्तो गुराख्याने सोडवलं. तेही दुपारी गेलं. मला अजून राग येतो.

यंदा डांबराचा ट्रक माझ्या उरलेल्या अंगावर आला, तेव्हा समोरून एवारिस्तोचा कळप येत होता. कळप दिसला की गाडी बंद करून थांबायचं, ही इथली रीत. ड्रायव्हर परगावचा. त्याने भोंगा वाजवला. भोंगा भसाडा, थेट गुरांना बोलवायच्या शिंगासारखा. झालं! सगळी गुरं ट्रकला येऊन चिकटली. तो वाजवी, ती आणखी जवळ येत.

"अहो काका, आवरा तुमची गुरं! डांबर गार पडलं की दगड होतो त्याचा!"

एवारिस्तोने गळ्यातलं शिंग चाचपलं. एकदा फुंकलं असतं तरी गुरं मागे फिरली असती.

"ओठ फुटलेत रे बाबा. फुंकवत नाही."

"सकाळी तर चांगलं फुंकत होतास!" कळपाबरोबरची स्वयंपाकीण झुल्मिराबाई खेचरावरून ओरडली.

"सकाळी डांबर कुठं होतं?"

बाई खाली उतरली. थंडगार तेरेरेचा, म्हणजे इथल्या गार पाण्यातल्या चहाचा, पेला तिने त्याच्या हातात दिला. "मालकाला कळलं तर काढून टाकेल तुला."

"टाकू दे. ते पिल्लू मला अजून झोपू देत नाही."

ट्रकमधलं डांबर थिजेपर्यंत दोघं माझ्या कडेला बसून राहिली.

मित्रांनो, डांबरवाले पुन्हा येतील, मोठी यंत्रं घेऊन येतील. मला पळून जाता येत नाही आणि जायचंही नाही. अंगावर खडी आहे तोवर मी प्रत्येक गाडीला गचके देणार. तुम्ही आलात तर तुम्हालाही देईन. शिव्या द्या, पण हळू चालवा.