अभ्यासिका

मरेनने चौथं कपाट पुसलं. पडद्यावरच्या आराखड्यात तळघरातली खोली आता नुसता चौकोन उरली होती. एक दार, चार भिंती, खिडकी नाही.

"आता नाव बदल," मागून गिल ट्राउटमन म्हणाला. कार्यालय त्याचं, वास्तुविशारदाचा परवानाही त्याचाच. हातात चीजने थबथबलेला हॉटडॉग. "झोपायची खोली म्हटलं की तपासनीस खिडकी मागतो. कपाट दिसलं तरी त्याला तोच संशय येतो. 'अभ्यासिका' लिही. विद्यार्थ्यांची इमारत आहे, शोभेल."

"मग ते झोपणार कुठे?"

"अभ्यास करता करता डोळा लागला तर आपण काय करणार, मॅडम?" तो स्वतःच हसला. "आणि दार जरा सरकव. पलंगाएवढी भिंत मोकळी राहू दे."

चीजचा एक धागा तिच्या कीबोर्डवर पडला. गिलने तो बोटाने उचलून तोंडात टाकला. मरेनने रुमालाने कीबोर्ड पुसला.

मापं घ्यायला तीच त्या तळघरात गेली होती. टेप धरून वाकली तेव्हा भिंतीवरचा ओला काळा थर बाहीला लागला होता. दोनदा धुऊनही शर्टाचा वास गेला नव्हता. वर यायला एकच जिना, आणि त्याच्या तोंडाशी बॉयलर. आग लागून जिना बंद झाला तर आतल्याला खिडकीतूनच बाहेर पडता येतं, हे तिला कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. सिनसिनाटीतल्या तिच्याच कॉलेजची मुलं तिथे राहायला येणार होती.

"हे तास कशात दाखवू?" तिने विचारलं.

"नियमपालनात. नियमच तर पाळतोय आपण."

वास्तुविशारदाच्या परवान्यासाठी पावणेचार हजार तासांचं काम नोंदवावं लागतं. शिकता शिकता केलेलं कामही त्यात धरतात; फक्त परवानाधारकाची मंजुरी हवी. या उन्हाळ्याचे तिचे सहाशे तास गिलच्या मंजुरीवाचून अडले होते. त्याने नाही म्हटलं की उन्हाळा पाण्यात.

"सुतकी चेहरा करू नकोस," तो गेल्यावर शेजारचा डेझ म्हणाला. नऊ वर्षं तो इथे आराखडे काढत होता. "तास हवेत ना? मग खिडकी बघायची नाही, घड्याळ बघायचं."

शुक्रवारी दुपारी तिने तासांचा अर्ज उघडला. प्रकार: नियमपालन. तास: अकरा. तपशिलाच्या चौकटीत ती दरवेळी 'आराखड्यात दुरुस्त्या' असं लिहायची. आज तिने लिहिलं: 'गिल ट्राउटमन यांच्या सांगण्यावरून तळघरातल्या खिडकी नसलेल्या चार झोपायच्या खोल्यांची कपाटं पुसून त्यांना अभ्यासिका असं नाव दिलं. पलंगाची जागा राखली.'

तिने उन्हाळ्याच्या सगळ्या नोंदी एकदम गिलकडे पाठवल्या आणि हाक कधी येते याची वाट बघत बसली. काय बोलायचं, तेही ठरवून ठेवलं.

काचेच्या केबिनमध्ये गिलने फोन खांद्याशी धरूनच दोनदा बटण दाबलं. तिच्या पडद्यावर उमटलं: सर्व नोंदी मंजूर. एकूण तास: सहाशे.

थोड्या वेळाने तो जॅकेट चढवत बाहेर आला. "झाले बघ तुझे तास. मी कुणाचं अडवून ठेवत नाही."

"वाचलंत का?"

"वाचत कोण बसतंय? तुझ्यावर विश्वास आहे माझा." खांदा थोपटून तो दाराकडे गेला. तिने खांदा झटकला. पण सहाशेचा आकडा बघून क्षणभर आपल्याला बरं वाटलं होतं, याची किळस तिला जास्त वाटली.

तिने ती नोंद छापली. खाली त्याचं नाव, परवाना क्रमांक, मंजुरीची वेळ. वर तिचं नाव.

"शहराचं बांधकाम परवानगी कार्यालय कितीला बंद होतं?"

डेझने कागद हातात घेऊन शेवटपर्यंत वाचला. "यात तूही अडकतेस. तास जातील."

"माहितीये."

त्याने कागद परत दिला आणि केबिनच्या दिशेने एकदा पाहिलं.

"पाचला," तो म्हणाला. "तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. बसने जा."